वॉल्टरची सर्दी आणि माझा खोकला

मला टीबी झाला. हे एवढं वाक्य मराठीत लिहायला मला पाच महिने लागले. इंग्रजीत ते डॉक्टरच बोलले, मला फक्त मान हलवायची होती. घराबाहेर मराठीत मी ते कुणालाच सांगितलं नाही. पुण्याला आईला न्यूमोनिया सांगितला, इथल्या मित्रांना 'व्हायरल काहीतरी आहे, जरा लांबलंय' असं सांगितलं. गोळ्या अजून महिनाभर आहेत, पण आता माझ्यापासून कुणाला धोका नाही.

गोळ्या कशा घ्यायच्या, काय खायचं, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी लिहितोय ते यादीबद्दल. निदान झालं की एक नर्स समोर कागद घेऊन बसते आणि विचारते, गेल्या काही महिन्यांत तुम्ही कुणाकुणाबरोबर एका बंद खोलीत बसलात? त्या यादीत मी एक नाव सांगितलं नाही. उद्या तुमच्यासमोर कुणी असा कागद घेऊन बसलं तर माझी आठवण ठेवा, म्हणून हा खटाटोप.

*

मी त्रेपन्न वर्षांचा आहे. डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो, गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करतो. माझी मुलगी ईशा नववीत असताना तिला शाळेसाठी व्हॉलंटियरिंगचे तास भरायचे होते, म्हणून मी तिला एका लायब्ररीत सोडायला जायचो. तिचे तास भरले, ती सुटली, मी मात्र तिथेच राहिलो. "बाबा, यू नो दॅट्स वीअर्ड, राइट?" असं तिने एकदाच विचारलं, मग नाद सोडला.

त्या लायब्ररीच्या तळघरात खोकी होती. दुसऱ्या महायुद्धात या भागातली जी मुलं विमानदळातून युरोपात लढायला गेली, त्यांनी घरी लिहिलेली पत्रं आणि त्यांच्या डायऱ्या. आम्ही ती वाचून कॉम्प्युटरवर टाइप करायची. नियम सोपे होते. आहे तसं उतरवायचं, चुका दुरुस्त करायच्या नाहीत, आणि जिथे अक्षर लागत नाही तिथे कंसात 'वाचता येत नाही' असं लिहायचं.

माझ्या वाट्याला वॉल्टरचं खोकं आलं, आणि खोक्याबरोबर त्याची मुलगी रूथ आली. रूथ ऐंशीच्या घरातली. वडिलांचं खोकं तिने स्वतःच लायब्ररीला दिलं आणि मग ते दुसऱ्याच्या हाती सोपवायला तिचं मन होईना. दर गुरुवारी ती माझ्या शेजारी खुर्ची लावून बसायची. सांधेदुखीने तिची बोटं वाकडी झालेली, टाइप करता येत नव्हतं. "डोळे माझे, बोटं तुझी," ती म्हणायची. "दोघांत मिळून एक धड माणूस होतो, सतीश."

वॉल्टर बॉम्बर विमानात गनर होता, इंग्लंडमधल्या तळावर. पत्रं अधिकारी आधी वाचायचे, मग ती घरी जायची, म्हणून पत्रांत नुसता आनंदीआनंद. 'आई, मोजे मिळाले. जेवण बरं आहे. पाऊस फार.' डायरी मात्र लिहायची परवानगी नव्हती, तरी बरेच जण लिहायचे. तीत कुणाचं विमान परत आलं नाही, कुणाची खाट रिकामी झाली, ते असायचं. एकाच दिवसाचं पत्र आणि डायरी शेजारी ठेवली की दोन वेगळी माणसं लिहितायत असं वाटायचं.

रूथला एकच गोष्ट हवी होती. तिच्या लहानपणी दर थँक्सगिव्हिंगला एडी नावाचा माणूस त्यांच्या घरी जेवायला यायचा. वॉल्टरच्याच विमानातला दुसरा गनर. त्याच्या उजव्या हाताला बोटं नव्हती. कशी गेली असं तिने विचारलं की वडील टेबलावरून उठून जायचे.

"तुला सापडेल," ती म्हणायची. "सापडलं की मला वाचून दाखव. आहे तसं."

*

खोकला शरद ऋतूपासून होता. मी ॲलर्जीवर ढकलला. तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती, आणि रूथची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून.

"ही माझ्या बापाची धूळ आहे," ती खोकल्याच्या गोळ्यांचा डबा पुढे करत म्हणायची. "जर्मनांनी जे केलं नाही ते वॉल्टर तुला करणार."

ती दर पंधरा दिवसांनी सांध्यांसाठी इंजेक्शन घ्यायची. त्याने प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून गर्दीत जात नाही, असं तिने मला सांगितलं होतं. गर्दीऐवजी ती गुरुवारी माझ्या शेजारी येऊन बसायची.

वजन उतरलं तेव्हा ऑफिसात लोक म्हणाले, वा, जिम का? शुभा, माझी बायको, म्हणाली, "जिम नाही, हट्ट. डॉक्टरकडे जायचा नाही असा." मग एका सकाळी बेसिनमध्ये रक्त दिसलं आणि तिने मला जवळजवळ दंडाला धरून गाडीत बसवलं.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कधी टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती? आली होती. या देशात आलो त्या वर्षी. हातावर टोचलेली जागा सुजली होती, एक्स-रे मात्र साफ होता. जंतू झोपलेत, ते कधीतरी उठू नयेत म्हणून नऊ महिने गोळ्या घ्या असं सांगितलं होतं. तेव्हा माझा रूममेट म्हणाला, "अरे यार, आपल्या सगळ्यांचीच येते पॉझिटिव्ह. लहानपणी बीसीजी टोचलेलं असतं ना. यांना कळत नाही." त्याने घेतल्या नव्हत्या, त्याच्या मित्राने घेतल्या नव्हत्या. मी एक बाटली संपवली आणि दुसरी आणलीच नाही. इथे आलेल्या आपल्या किती जणांनी असंच केलं असेल! तुमच्याही ड्रॉवरमध्ये अशी बाटली असेल तर हे वाचणं इथेच थांबवून डॉक्टरला फोन करा.

*

हॉस्पिटलात मला दोन दारांच्या खोलीत ठेवलं. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. छतातून सतत घर्र आवाज, खोलीतली हवा बाहेर ओढून घेणारं यंत्र. जेवण आणणारी माणसं मास्कमधून हसायची, ते फक्त डोळ्यांवरून कळायचं. खिडकी होती पण उघडायची नव्हती. खाली पार्किंगमध्ये लोक गाड्यांवरचा बर्फ खरवडत होते आणि मला त्यांचा हेवा वाटत होता.

तिसऱ्या दिवशी काउंटीच्या आरोग्य खात्याची नर्स आली. डेनीस. पन्नाशीची, मोठ्या हाडाची, बोलायला मऊ. तिने गुडघ्यावर कागद ठेवला. घरी कोण? शुभा, ईशा. ऑफिसात शेजारी कोण बसतं? सांगितलं. कुणाच्या गाडीतून जाता? सांगितलं.

"आणखी कुठे? क्लब, देऊळ, क्लास? दर आठवड्याला जाता असं काही?"

"नाही."

"लहान मूल, वयस्कर कुणी, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारं कुणी तुमच्याजवळ होतं का?"

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात क्वचितच कुणी विचारला असेल. मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. माझ्या लहानपणी एक काका आमच्याकडे मागच्या खोलीत राहायचे. त्यांचं ताट वेगळं, फुलपात्र वेगळं. आजाराचं नाव घरात कुणी घेत नसे, 'त्याला बरं नसतं' एवढंच. ते गेल्यावर आईने ते फुलपात्र चिमट्याने धरून बाहेर टाकलं. मला वाटलं, रूथ आता तो गोळ्यांचा डबा, माझी खुर्ची, माझा कीबोर्ड तसाच चिमट्याने धरेल. त्या लायब्ररीतला मी एकटा भारतीय. सगळे म्हणतील, हा आजार तिकडून आणला याने. त्यापेक्षा ती बहुतेक ठीकच असेल असं मी ठरवून टाकलं. तिच्या वतीने.

*

घरी सोडलं, पण बेडरूमच्या बाहेर पडायचं नाही या अटीवर. थुंकीचे रिपोर्ट साफ येईपर्यंत. शुभा ताट दाराशी ठेवायची, दोनदा टकटक करायची आणि मागे सरायची.

"ताट ठेवलंय. जेलरीणबाई गेल्या."

"भाजी कसली?"

"कैद्यांनी विचारायचं नसतं."

पहिला आठवडा ती असं हसवायची. मग तिची टेस्ट पॉझिटिव्ह आली, आजार नाही पण जंतू आहेत. "तुझे की माझ्या लहानपणचे, देव जाणे," ती दारापलीकडून म्हणाली. त्यानंतर ताट येत राहिलं, जेलरीणबाई बोलायच्या बंद झाल्या. ईशाची टेस्ट निगेटिव्ह होती, पण दोन महिन्यांनी परत करायची होती. ती मला जिन्यावरून मेसेज करायची. 'अलाइव्ह?' 'हो.' 'के.'

रोज सकाळी आठला डेनीस व्हिडिओवर यायची. गोळ्या कॅमेऱ्याला दाखवायच्या, गिळायच्या, तोंड उघडायचं, जीभ वर करायची. लहान मुलासारखं. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, अश्रूसुद्धा. सदऱ्याच्या बाहीवर नारिंगी डाग दिसला तेव्हा मला कळलं की मी रडत होतो.

चौदा पावलं खिडकीपर्यंत, चौदा परत. कामाला लॅपटॉप होता, पण लक्ष लागेना. म्हणून वॉल्टरच्या डायरीचे स्कॅन उघडले.

*

त्या हिवाळ्यात वॉल्टरला सर्दी झाली होती. आपल्याला हसू येईल, पण बॉम्बरवाल्यांच्या डायऱ्यांत सर्दीची भीती तोफांइतकीच असायची. नाक चोंदलेलं असताना इतक्या उंचीवर गेलं की कान फुटायचे, म्हणून डॉक्टर सर्दीवाल्याला जमिनीवर ठेवायचा. त्याच्या जागी दुसरा कुणी जायचा. मग आपली माणसं ठरलेली मिशन्स पुरी करून घरी जाणार आणि आपण मागे राहून अनोळखी माणसांबरोबर उरलेली पुरी करायची. म्हणून जो तो सर्दी लपवायचा.

आईला पत्र: 'जराशी सर्दी होती, गेली. काळजी करू नकोस.'

डायरीत त्याच दिवशी:

'डॉक्टरने सगळ्यांना विचारलं, कुणाला काही? मी नाही म्हणालो. वर गेल्यावर नाक मास्कमध्ये गळत राहिलं, गळलेलं गोठलं, ऑक्सिजनची नळी बंद झाली. मला काही कळलं नाही. शुद्धीवर आलो तेव्हा एडी माझ्यावर वाकला होता. त्याने हातमोजे काढून माझ्या नळीतला बर्फ नखांनी खरवडला होता. त्याचे हात पांढरे होते, लाकडासारखे. उतरल्यावर सगळ्यांनी विचारलं. मी म्हणालो, मास्क खराब होता. एडीही म्हणाला, मास्क खराब होता. त्याला तेच खरं वाटतं.'

अक्षर स्वच्छ होतं. एकही शब्द न लागणारा नव्हता. मी ते पान टाइप केलं नाही. कंसात 'वाचता येत नाही' असं लिहिलं आणि पुढच्या पानावर गेलो. स्वतःला सांगितलं, म्हातारीला आता हे कशाला? आणखी एकदा मी तिच्या वतीने ठरवलं होतं.

*

डेनीसला 'नाही' म्हटल्यापासून सोळाव्या दिवशी दुपारी रूथचा व्हॉइसमेल आला. मी तिला फ्लू सांगितला होता.

"सतीश, तुझा फ्लू माझ्याकडे आलाय बहुतेक," आणि मग खोकला. लांब, कोरडा. "की वॉल्टरची धूळ? एडीची बोटं सापडली का? लवकर बरा हो, माझी बोटं तुझ्याकडे आहेत."

तो खोकला मी परत ऐकला. मग डेनीसला फोन केला. ती आठलाच व्हिडिओवर येऊन गेली होती, दुपारी माझा फोन पाहून तिने आधी विचारलं, "ताप आहे का?"

"एक नाव राहिलं," मी म्हणालो. "राहिलं नाही. मी सांगितलं नाही."

मी सगळं सांगितलं. इंजेक्शनचंही. मला वाटलं, आता झाडणार. ती म्हणाली, "आडनावाचं स्पेलिंग सांगा." आणि फोन ठेवताना, "तुमचं नाव आम्ही तिला सांगत नाही. नियम आहे."

मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. तपासणी होईल, उपचार होतील, आणि तिला कधी कळणारही नाही.

तीन दिवसांनी रूथचा फोन आला, या वेळी मी उचलला.

"काउंटीवाल्यांचा फोन होता. माझ्याजवळ कुणालातरी टीबी होता म्हणे. कोण ते सांगत नाहीत." ती रागावलेली होती, आणि घाबरलेली. "पण मला कळलं. मारिसोल. घर साफ करायला येते ना, ग्वाटेमालाची. तिलाही खोकला होता. मी तिला सांगितलं, आता येऊ नकोस. तू तर महिनाभर लायब्ररीत आला नाहीस, तू वाचलास."

मी खाटेवर बसलो. "रूथ, ती मारिसोल नाही. मी आहे."

मी तसाच पुढे बोलत राहिलो.

"फ्लू नव्हता. मला माहीत होतं. नर्सने तुझ्यासारख्या माणसाबद्दल स्पष्ट विचारलं आणि मी नाही म्हणालो. सोळा दिवस."

"सोळा," ती म्हणाली. मग, "मला आता बसायला हवं." आणि फोन बंद झाला.

*

तिचा खोकला साधा निघाला. पण टेस्ट पॉझिटिव्ह आली. एक्स-रे साफ, म्हणजे शुभासारखंच, जंतू आहेत, आजार नाही. मात्र सांध्यांचं इंजेक्शन बंद करून आधी गोळ्या घ्यायच्या. हे मला डेनीसकडून नाही, लायब्ररीच्या बाईंकडून कळलं: रूथला कप उचलता येत नाहीये, शेजारीण जेवण देते. माझ्यामुळे. सोळा दिवस आधी सांगितलं असतं तर वाचलं असतं का? डेनीस म्हणाली, कदाचित नाही. त्या 'कदाचित'च्या आधारावर मी अजून झोपतो.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी ते पान टाइप केलं. सगळं. कंस काढला आणि रूथला पाठवलं, खाली एक ओळ लिहून: 'हे मला आधीच सापडलं होतं. मीच वाचता येत नाही असं लिहिलं होतं.'

दोन दिवसांनी तिचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"थँक्सगिव्हिंगला बाबा एडीचं मांस कापून द्यायचे. दर वर्षी. आधी त्याचं ताट, मग आमचं. मला वाटायचं, काय प्रेम आहे. एडी बाबांच्या आधी गेला. त्याला शेवटपर्यंत कळलं नसेल असं तुला वाटतं?"

"माहीत नाही."

"मलाही नाही. बाबांना विचारता येत नाही, म्हणून तुला विचारते. मारिसोलला फोन केलास?"

"मी? तिला तर तू..."

"मी केला. माफी मागितली. मी मूर्खासारखी वागले ते माझं मी बघेन. पण मला तसं वाटू दिलंस तू."

"मला स्पॅनिश येत नाही, रूथ."

"तुझ्या मुलीला येतं. शाळेत बक्षीस मिळालं म्हणून तूच मला दोन गुरुवार पिडलं होतंस. लिहून घे नंबर."

*

ईशा दाराबाहेर जमिनीवर बसली, मास्क लावून. मी आत, दार बोटभर उघडं, मध्ये तिचा फोन स्पीकरवर. मी मराठीत बोलणार, ती स्पॅनिशमध्ये सांगणार. तिला वाटत होतं, बाबा रूथच्या कामवालीची चौकशी करतोय.

मारिसोलने फोन उचलला. मागे कुठेतरी व्हॅक्युम क्लिनर चालू होता, तो बंद झाला.

"सांग, रूथच्या घरात आजार तिच्यामुळे नाही आला. माझ्यामुळे आला."

ईशाने सांगितलं.

"सांग, मला ते माहीत होतं. नर्सने विचारलं तेव्हा मी रूथचं नाव दिलं नाही. रूथलाही फ्लू सांगितला, म्हणून तिच्यावर आळ आला."

फटीतून मला तिचा गुडघा दिसत होता, त्यावर ठेवलेला हात.

"वेट. व्हॉट डू यू मीन, दिलं नाही?"

"लपवलं."

"डज आई नो?"

"नाही."

पलीकडून मारिसोल म्हणाली, "अलो? अलो?"

"डू आय हॅव टू से दॅट, बाबा?"

"हो. जसं सांगितलं तसं. काही गाळू नकोस."

तिने सांगितलं. मराठीत तीन वाक्यं होती, तिला फार वेळ लागला. मग मारिसोल बोलायला लागली, हळू, न थांबता. मला शब्द कळत नव्हते, पण ती रागावलेली नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"शी सेज," ईशाचा आवाज बारीक झाला होता, "ती दुसऱ्या घरी काम करते आता, परत जाणार नाही. शी सेज, तिने तिच्या मुलांना क्लिनिकमध्ये नेलं. निगेटिव्ह आले, तरी तिला खरं वाटेना. तिला वाटत होतं तिनेच त्या आजींना आजारी केलं. शी वॉज प्रेइंग फॉर रूथ, बाबा. एव्हरी डे."

"सॉरी सांग तिला."

"नो. ते तू सांग. लो सिएंतो."

मी दाराच्या फटीशी तोंड नेलं आणि ते दोन शब्द म्हणालो, वाईट उच्चारांत. मारिसोल काहीतरी छोटंसं म्हणाली आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली?"

"शी सेड, आज तिला झोप लागेल."

ईशाने फोन उचलला, पण उठली नाही. खाली स्वयंपाकघरात शुभाचा कुकर वाजत होता.

"आईला मी सांगू?" तिने विचारलं.

"नको. मी सांगतो. तिला वर बोलाव."